गुडघ्यांचा हिशोब पंचविशीतच सुरू होतो

कुणी एसटीत खिडकीशी बसून ऐकत असेल, कुणी ओट्याशी भांडी घासता घासता, कुणी ऑफिसात एका कानात इअरफोन घालून. जे बसलेत त्यांना सुरुवातीलाच एक विनंती. जमत असेल तर उठा आणि आजचा भाग चालत चालत ऐका. का, ते थोड्या वेळात कळेल.

मी सांगलीत फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. गेल्या भागात म्हटलं होतं की सांध्यांबद्दलचे प्रश्न पाठवा. भरपूर आले. त्यातला एक वाचून दाखवते, कारण थोड्याफार फरकाने तोच प्रश्न बऱ्याच जणांनी विचारलाय.

"ताई, माझं वय २६. जिना उतरताना गुडघ्यातून कटकट आवाज येतो. आईला संधिवात आहे. मलाही होणार का? होऊ नये म्हणून आत्तापासून काय करू?"

आवाजाचं आधी सांगून टाकते. नुसता आवाज येत असेल, दुखत नसेल, सूज नसेल, गुडघा मध्येच अडकत नसेल किंवा अचानक दगा देत नसेल, तर त्या आवाजाला घाबरायचं कारण नाही. धडधाकट गुडघेसुद्धा वाजतात. यातलं एखादं लक्षण मात्र सोबत असेल तर दाखवून घ्या.

आता दुसरा प्रश्न, "आत्तापासून काय करू?" हा प्रश्न २६ व्या वर्षी विचारला याचा मला खरंच आनंद झाला. माझ्याकडे लोक हा प्रश्न घेऊन ५६ व्या वर्षी येतात. तेव्हाही पुष्कळ काही करता येतं, पण हातात तीस वर्षं असणं वेगळं. आजचा सगळा भाग या एका प्रश्नावर.

एक नाव, चार आजार

आपण संधिवात हा शब्द फार सैल वापरतो. काहीही दुखलं की संधिवात. डॉक्टरी भाषेत सांध्यांच्या या आजारांचे शंभराहून जास्त प्रकार आहेत. आपल्या आजूबाजूला दिसणारे मुख्य चार लक्षात ठेवा.

पहिला झिजेचा, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस. आजीचे, आईचे गुडघे दुखतात तो बहुतेक वेळा हा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना तो होता, आणि त्यात साधारण ६० टक्के बायका. सगळ्यांत जास्त त्रास गुडघ्यांना.

दुसरा आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. यात आपलीच प्रतिकारशक्ती उलटते आणि सांध्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. हा विशी-तिशीतही होऊ शकतो.

तिसरा गाउट. रक्तातलं युरिक ॲसिड वाढून त्याचे बारीक स्फटिक सांध्यात साचतात. रात्री झोपताना ठीक असलेला माणूस पहाटे पायाच्या अंगठ्याला पांघरुणाचा स्पर्शसुद्धा सहन होत नाही म्हणून उठून बसतो.

चौथा विषाणूच्या तापानंतरचा. आपल्याकडे त्याचं घरोघरी माहीत असलेलं नाव म्हणजे चिकनगुनिया.

आता या चौघांची कारणं वेगळी, तर उपायही वेगळे. वय, आई-वडिलांकडून आलेली जनुकं, स्त्री असणं या गोष्टी आपल्या हातात नाहीत. त्यामुळे धोका कमी करता येतो, शून्यावर आणता येत नाही. जो शून्यावर आणून देतो म्हणतो, तो तुम्हाला काहीतरी विकायला आलाय एवढं समजा.

सांधा म्हणजे सायकलचं बेअरिंग नव्हे

आपल्याकडे गुडघ्याबद्दल बोलताना सगळी भाषा गॅरेजची असते. ग्रीस संपलं, वाटी घासली, पार्ट बदलायला लागणार. यातून एक समज पक्का होतो की गुडघा जेवढा वापराल तेवढा झिजेल, म्हणून जपून वापरा, कमी चाला.

आत नेमकं काय असतं ते बघू. मांडीचं हाड आणि नळीचं हाड जिथे भेटतात, तिथे दोन्ही टोकांवर एक गुळगुळीत, लवचिक थर असतो. त्याला कूर्चा म्हणतात, इंग्रजीत कार्टिलेज. आपण वाटी म्हणतो ते तर पुढचं छोटं गोल हाड. झिजतो तो मुख्यतः हा थर, आणि सोबत हाड, अस्तर, स्नायू असं सगळ्यांचंच बिनसत जातं.

या कूर्चेची गंमत अशी की तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. मग तिला अन्न मिळतं कसं? स्पंजसारखं. पाय टेकवला की ती दाबली जाते आणि आतला द्रव बाहेर पडतो. पाय उचलला की ती पुन्हा फुगते आणि सांध्यातला ताजा द्रव आत ओढून घेते. दाब आणि सोड, दाब आणि सोड. हेच तिचं जेवण. आता तुम्ही सलग तीन तास वेब सिरीज बघत बसलात, तर तेवढा वेळ ती उपाशी. म्हणून सुरुवातीला म्हटलं, चालत ऐका.

"पण ताई, रनिंगने गुडघे जातात म्हणे!" हाही प्रश्न आलाय. २०१७ साली वेगवेगळ्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून एक आढावा प्रसिद्ध झाला. गुडघा किंवा खुब्याची झीज हौशी धावणाऱ्यांपैकी साधारण ३.५ टक्के लोकांत दिसली आणि न धावणाऱ्या, बैठ्या लोकांत साधारण १०.२ टक्के. व्यावसायिक पातळीवर धावणाऱ्यांत मात्र ती १३.३ टक्के होती. ज्यांचे गुडघे मुळात दुखत होते ते धावायलाच गेले नसतील, हीही शक्यता धरायला हवी. तरी एवढं नक्की म्हणता येतं की आवडीपुरतं, हळूहळू वाढवत नेलेलं धावणं गुडघे खात नाही.

यातून रोजची सवय कुठली घ्यायची? अर्धा-पाऊण तास झाला की उठायचं. पाण्याची बाटली छोटी ठेवा, म्हणजे भरायला उठावंच लागेल. फोन आला की चालत बोला. दिवसाला तीन-चार फोन होतातच, त्यात अर्धा तास चालणं सहज होतं. त्यासाठी वेगळे बूट, वेगळी वेळ, सबस्क्रिप्शन काही लागत नाही.

सिमेंटच्या पाच गोण्या

आता वजन. या विषयावर लोक पटकन दुखावतात, म्हणून आधीच सांगते की मी दिसण्याबद्दल बोलत नाहीये, फक्त ओझ्याबद्दल बोलतेय.

जर्मनीत संशोधकांनी काही रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यांमध्येच सेन्सर बसवले आणि प्रत्यक्ष भार मोजला. सपाट रस्त्यावर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण २.६ पट भार येतो, जिना उतरताना जवळपास ३.५ पट. म्हणजे ७० किलोचा माणूस जिना उतरतो तेव्हा प्रत्येक पावलाला गुडघ्यावर २४० किलो. सिमेंटची गोणी ५० किलोची असते. जवळपास पाच गोण्या झाल्या.

निरोगी गुडघा हे सहज पेलतो, त्यासाठीच तो बनलाय. पण वजन वाढलं की वाढ एकेरी राहत नाही. अमेरिकेत गुडघेदुखी असलेल्या, वजन जास्त असलेल्या वयस्क लोकांवर २००५ साली झालेल्या अभ्यासात दिसलं की १ किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोंनी उतरतो. दिवसाला पाच हजार पावलं धरा आणि गुणाकार तुम्हीच करा.

आणखी एक जुना, मला फार आवडणारा अभ्यास अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातला, १९९२ साली प्रसिद्ध झालेला. ज्या बायकांचं वजन दहा वर्षांत साधारण ५ किलोंनी कमी झालं, त्यांच्यात गुडघेदुखीसह झीज सुरू होण्याची शक्यता निम्म्याहून जास्त कमी झालेली दिसली. वीस नाही, तीस नाही, फक्त ५ किलो. आणि दहा वर्षांत!

आता आपल्याकडे बघू. कॉलेज संपतं, पहिली नोकरी लागते, खेळ सुटतो, आणि वर्षाला एक-एक किलो चढत जातो. एक किलो कुणाला दिसत नाही. पस्तिशीत मागे वळून बघाल तर दहा किलो. म्हणून तुमच्या वयात खरं काम वजन उतरवण्यापेक्षा ते चढू न देण्याचं आहे, आणि ते कितीतरी सोपं आहे. दिवसाला चार कप चहा, कपात दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे, ३५-४० ग्रॅम साखर झाली. तिथे चमचा अर्धा करा. रात्री अकराला मागवलेली बिर्याणी आठवड्यातून तीनदाऐवजी एकदा करा. घरची भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक यात काही कमी नाही. फक्त ताटात भाताचा डोंगर आणि उसळीची वाटी असते, तिथे डोंगर थोडा खाली आणा आणि वाटी मोठी करा.

भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या वर गेला की जास्त वजन धरतात. पाश्चात्त्य तक्त्यांमध्ये ही रेघ २५ ला असते. ॲपवर तपासताना हा फरक लक्षात ठेवा.

मावशीची एसटी

माझी मावशी ५७ वर्षांची आहे. तिचे गुडघे गेल्या सात-आठ वर्षांपासून दुखतात. गुडघेदुखीत माणूस मरत नाही, त्यामुळे घरात तिला कुणी मोठा आजार मानत नाही. पण मावशीचं एक-एक काय सुटत गेलं ते मी बघितलंय. आधी पंगतीत जमिनीवर बसणं सुटलं. मग हळदी-कुंकवाला जाणं सुटलं, कारण तिथे सतरंजी असते आणि तिच्यासाठी वेगळी खुर्ची मागवायची तिला लाज वाटायची. मग एसटी सुटली. एसटीची पहिली पायरी किती उंच असते माहितीये ना? मागून लोक "चला मावशी, लवकर" म्हणतात. तिने माहेरी जाणंच बंद केलं. माहेर तीस किलोमीटरवर.

आणि आम्ही घरचे सगळे प्रेमाने काय म्हणायचो? "तू बस गं, उठू नको, आम्ही देतो." या प्रेमाने गुडघा आणखी लवकर थकतो. बसून राहिलं की मांडीचे स्नायू रोडावतात, आणि गुडघ्याला येणारे धक्के झेलायचं काम तर तेच करतात. ते कमजोर झाले की सगळा भार सांध्यावर. दुखतं म्हणून हालचाल कमी, हालचाल कमी म्हणून स्नायू कमजोर, स्नायू कमजोर म्हणून आणखी दुखतं. हे चक्र मावशीच्या बाबतीत आम्ही खुर्चीवरून उठ-बस करून थोडं उलट फिरवलं. आधी हाताचा आधार घेऊन दिवसातून पाच वेळा, मग दहा, मग आधाराशिवाय. तीन-चार महिने लागले. दुखणं गेलेलं नाही, कमी झालंय. जिना अजून हळूच उतरते. पण गेल्या दिवाळीत ती एसटीने माहेरी गेली, आणि मला तिथून फोन करून म्हणाली, "पायरी चढले गं, कुणी हात धरायला लागला नाही."

मावशीला सत्तावन्नाव्या वर्षी जे मेहनतीने परत मिळवावं लागलं, ते तुमच्याकडे आज फुकट आहे. ते राखायला काय लागतं? आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लावायला लावणारा व्यायाम, आणि आठवड्याला १५० मिनिटं तरी जरा दम लागेल असं चालणं किंवा सायकल. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस हीच आहे.

जिम नसेल तरी चालेल. सांगली-कोल्हापूरच्या तालमीत पैलवान पिढ्यान्‌पिढ्या ज्या बैठका मारतात, त्याच आजच्या रीलमधल्या स्क्वॉट्सच्या सख्ख्या बहिणी. चार व्यायाम सांगते. एक, खुर्चीवरून हात न लावता उठ-बस, दहा वेळा. दोन, भिंतीला पाठ टेकवून अर्ध बसल्यासारखं थांबणं, वीस-तीस सेकंद. तीन, पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर वर उचलणं, म्हणजे योगासनातला सेतुबंध, दहा वेळा. चार, ओट्याला धरून टाचा वर-खाली, पंधरा वेळा. चहा उकळेपर्यंत चौथा व्यायाम होतो. दोन-तीन फेऱ्या केल्या तरी पंधरा-वीस मिनिटांत संपतं.

आणि दुखण्याचा साधा नियम असा की व्यायाम करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शांत झालं, तर चालेल. दुसऱ्या दिवशी जास्त दुखतंय किंवा सूज आलीय, तर प्रमाण कमी करा. एकदम बंद करू नका.

रविवारचं टर्फ

आता तुमच्या वयाला सगळ्यांत लागू असलेली गोष्ट, दुखापत. आठवडाभर खुर्चीत बसायचं आणि रविवारी रात्री नऊला टर्फवर उतरून पहिल्याच मिनिटाला स्प्रिंट मारायची. कबड्डी, फुटबॉल, बॉक्स क्रिकेट, काहीही घ्या. पाय जमिनीत रुततो, शरीर वळतं, गुडघ्यात कट्ट आवाज होतो आणि तासाभरात गुडघा सुजतो. अनेकदा तुटलेला असतो तो एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला एक महत्त्वाचा अस्थिबंध.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने आपल्या तेराशेहून जास्त वैद्यकीय विद्यार्थ्यांचा अनेक दशकं पाठपुरावा केला. ज्यांच्या गुडघ्याला तरुणपणी दुखापत झाली होती, त्यांच्यापैकी जवळपास १४ टक्के लोकांना वयाच्या पासष्टीपर्यंत गुडघ्याचा झिजेचा संधिवात झाला. दुखापत नसलेल्यांत हे प्रमाण ६ टक्के होतं. एसीएल तुटलेल्यांचं बोलायचं तर साधारण निम्म्या लोकांमध्ये दहा ते वीस वर्षांत झिजेच्या खुणा दिसू लागतात. विसाव्या वर्षी एसीएल गेलेल्या मुलाचा गुडघा पस्तिशीतच पन्नाशीचा होऊ शकतो.

मग खेळ सोडायचा? अजिबात नाही. वॉर्मअप करायचा. फिफाने फुटबॉलपटूंसाठी 'इलेव्हन प्लस' नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप तयार केलाय. हळू धावणं, तोल सांभाळणं, उडी मारून नीट उतरणं, मांडीचे व्यायाम, एवढंच. यूट्यूबवर फुकट आहे. तो नियमित करणाऱ्या संघांमध्ये दुखापती साधारण एक-तृतीयांशाने कमी झाल्याचं वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलंय. टर्फचं भाडं तासाला आहे म्हणून वॉर्मअप सोडू नका, तो बाहेर रस्त्यावर करून मग आत जा.

आणि दुखापत झालीच तर? चोळू नका, कुणाकडून ओढून-ताणून बसवून घेऊ नका. बर्फ लावा, दाब पट्टी बांधा आणि डॉक्टरांना दाखवा. ऑपरेशन होवो वा न होवो, त्यानंतरचे व्यायाम पूर्ण करा. माझ्याकडे येणारी तरुण मुलं पायऱ्या चढता यायला लागल्या की दुसऱ्या महिन्यात गायब होतात. खेळात परतण्याएवढी ताकद यायला एसीएलच्या ऑपरेशननंतर नऊ महिने तरी जातात. मधेच सोडलं तर तोच गुडघा पुन्हा जायची भीती.

सिगारेट, बिअर आणि डास

आमवाताकडे येऊ. तो पूर्ण टाळायची किल्ली कुणाकडे नाही. पण त्याचा धोका वाढवणाऱ्या बाहेरच्या गोष्टींमध्ये सगळ्यांत पक्का पुरावा सिगारेटविरुद्ध आहे. जितकी वर्षं आणि जितक्या जास्त, तितका धोका जास्त. सोडल्यावर तो हळूहळू, काही वर्षांनी उतरतो. हिरड्यांचा जुनाट आजार आणि आमवात यांचंही नातं दिसलंय, त्यामुळे रात्रीचं ब्रश करणं टाळू नका.

इथे एक गोष्ट नीट ऐका. सकाळी उठल्यावर बोटं, मनगटं अर्ध्या-एक तासाहून जास्त वेळ आखडलेली राहतात, दोन्ही हातांचे छोटे सांधे सुजलेत, आणि हे काही आठवडे चाललंय, तर तेल लावत बसू नका. ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला दाखवा. जिल्ह्यात नसतील तर आधी फिजिशियनला दाखवा. आमवातावर आता चांगली औषधं आहेत आणि ती पहिल्या काही महिन्यांत सुरू झाली तर सांधे वाकडे होणं बऱ्याच अंशी टळतं. विशी-तिशीतल्या मुलींना घरचे "कामाने दुखतंय" म्हणून गप्प बसवतात, आणि तेवढ्यात हे महिने निघून जातात. तुमच्या मैत्रिणीचं, बहिणीचं असं होत असेल तर हा भाग तिला आजच पाठवा.

गाउटचं गणित पेयांमध्ये आहे. बिअर सगळ्यांना माहितीये. पण साखर घातलेली थंड पेयंही युरिक ॲसिड वाढवतात, हे कमी जणांना माहीत असतं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, रोज दोन किंवा जास्त गोड शीतपेयं पिणाऱ्या पुरुषांमध्ये गाउटचा धोका महिन्यातून एकदाही क्वचितच पिणाऱ्यांपेक्षा ८५ टक्के जास्त दिसला. ६०० मिलीच्या कोलाच्या बाटलीत साधारण ६० ग्रॅम साखर असते. आणि आपल्याकडे बंद काय करतात? डाळ, पालक, टोमॅटो! संशोधनात डाळी आणि पालेभाज्यांमुळे गाउटचा धोका वाढलेला दिसलेला नाही. मटण, कलेजी, काही प्रकारची मासळी यांनी वाढतो. दूध-ताकाने उलट थोडा कमी होतो. वरण-भात खा निवांत.

आणि डास. सांध्यांच्या भागात डास कशाला, असं वाटेल. चिकनगुनिया हा शब्द पूर्व आफ्रिकेतल्या मकोंडे भाषेतला. त्याचा अर्थच वाकवून टाकणारा. ताप आठवड्यात जातो, सांधेदुखी काही जणांना महिनोन्‌महिने पुरते. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९७३ साली त्याची साथ आली होती, मग तीसेक वर्षं तो जवळजवळ दिसला नाही आणि २००५-०६ मध्ये महाराष्ट्रासह देशभर परतला. त्याचा डास दिवसा चावतो आणि साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचं टायर, सगळं रिकामं करून पुसायचं. पाच मिनिटांचं हे काम सांध्यांसाठी कुठल्याही महागड्या पावडरपेक्षा जास्त करतं.

झटपट प्रश्न

बोटं मोडल्याने संधिवात होतो का? नाही. डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी साठ वर्षांहून जास्त काळ फक्त डाव्या हाताची बोटं रोज मोडली आणि उजवा हात तुलनेसाठी सोडून दिला. दोन्ही हातांत संधिवात नव्हता. त्यांना २००९ साली इग्नोबेल हे गमतीशीर पारितोषिक मिळालं. आजी ओरडली तर ऐका, पण घाबरू नका.

बटाटा, वांगं, दही वातूळ म्हणून सोडू का? याने सांधे झिजतात असा पुरावा नाही. तुम्हाला स्वतःला एखाद्या पदार्थाने त्रास होत असेल तर तो तेवढा टाळा.

मांडी घालून बसू की नको? गुडघे ठणठणीत असतील तर जेवायला खुशाल बसा. प्रश्न येतो तासन् तास उकिडवं बसून किंवा गुडघे टेकून काम करणाऱ्यांचा, जसे फरशी बसवणारे कारागीर. बीजिंगमधल्या एका अभ्यासात तरुणपणी रोज तीन-तीन तास उकिडवं बसणाऱ्यांत म्हातारपणी गुडघ्यांची झीज जास्त दिसली होती. अशा कामात मधे मधे उठणं, छोटा पाट किंवा गुडघ्याखाली गादी घेणं, एवढं तरी करावं.

सांध्यांच्या पावडरी, गोळ्या घेऊ का? निरोगी माणसाने त्या घेतल्याने संधिवात टळतो असा भरवशाचा पुरावा नाही. ड जीवनसत्त्व तपासणीत कमी निघालं तर डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर भरून काढा. बाकी पैसे चांगल्या बुटांवर खर्च करा.

या आठवड्यात एवढंच

सगळं एकदम करायला जाऊ नका. या आठवड्यासाठी तीन गोष्टी. फोनवर चालत बोलायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी ते चार व्यायाम करायचे. आणि घरात ज्या कुणाचे गुडघे दुखतात, तिला "बस गं, उठू नको" म्हणण्याऐवजी तिच्यासोबत कोपऱ्यापर्यंत चालून यायचं. तिच्या वेगाने, बरं का. तिचं डॉक्टरांकडे दाखवून झालेलं नसेल तर तेही करा.

मी आज जे सांगितलं ती सर्वसाधारण माहिती आहे. तुम्हाला दुखणं, सूज, जुनी दुखापत किंवा दुसरा आजार असेल तर तपासून घेऊनच व्यायाम सुरू करा.

पुढच्या भागात बोलू मानेबद्दल, कारण हा भाग वाचताना तुमच्यापैकी निम्म्यांची मान आत्ता मोबाईलवर वाकलेली आहे. प्रश्न पाठवत राहा. आणि जे सुरुवातीला उठून चालायला लागले होते ते अजून चालत असतील, तर वीसेक मिनिटं झालीसुद्धा. आजचा कोटा जवळजवळ पूर्ण!

चला, भेटू. काळजी घ्या.